वच्छलाबाई बोलत असताना

सरफराजने उभं आयुष्य माउथ ऑर्गन वाजवला, पण लोकांच्या कानांपर्यंत तो फारसा पोचलाच नाही. अमरावतीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि कीबोर्डच्या गदारोळात त्याचे सूर शोधावे लागत. त्याला हवा होता तो ब्लूज, दुःखाचं गाणं. अमेरिकेतले काळे वादक माइक आणि तोंडाचा बाजा एकाच ओंजळीत गच्च धरून वाजवतात, घशातून फाटून आल्यासारखा. त्यासाठी त्याने एक जुना, जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर सांभाळला होता. पण तो खोका ऑटोत मावत नसे, एसटीचा कंडक्टर त्याला पाहूनच कपाळाला आठ्या घाली, आणि आवाज जरा वाढवला की खोकाच शिट्टी मारे.

मग भाच्याने, तनवीरने, पुण्याहून एक चीज आणली. गिटारवाले पायाने दाबतात तसल्या पेडलएवढा अख्खा अ‍ॅम्प्लिफायर! पिशवीत टाकावा, वायर सरळ हॉलच्या स्पीकरला जोडावी. हात ओंजळीत अडकलेले, म्हणून आवाज चढवायचं बटण पायाशी.

पहिल्यांदा लावला तेव्हा त्याचा जुना जोडीदार, गिटारवाला सुगत, समोर बसला होता. सरफराजने एक सूर ओढून खाली वाकवला.

"अबे," सुगत म्हणाला, "हे तं माणूस रडून राह्यला!"

सरफराजने तोच सूर पुन्हा ओढला. उतारवयात का होईना, त्याला त्याचा आवाज सापडला होता.

पण ऐकणारे उरले नव्हते. कपाशी बोंडअळीने खाल्ली होती. लग्नं पुढे ढकलली जात, झालीच तर डीजेवर उरकत. ऑर्केस्ट्रा बसला. अशात अकोटहून चंद्रभानचा फोन आला. चंद्रभान कार्यक्रम भरवण्याची कामं घ्यायचा. फवारणी करताना विषबाधेने गेलेल्या मजुरांच्या बायकांचा सत्कार होता, आणि तो करणार होते त्या फवारणीच्या औषधांचे दुकानदार.

"बायका बोलतीन तवा मागून तुमचा बाजा पाहिजे," चंद्रभान म्हणाला. "दुखभरा. हळू हळू."

सुगत भडकला. "ज्यायनं औषध इकलं तेच सत्कार करून राह्यले? मले नाई जमत."

"आपल्याले वाजवाचं हाय यार. भाषण थोडी कराचं हाय?" सरफराज म्हणाला.

सुगत आला, पण कुरकुरत.

अकोटचं मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. दोघांना मंचाच्या कोपऱ्यात बसवलं. मागे हळू बाजा चालू असताना दोन-तीन बायका पदराआडून दोन वाक्यं बोलून गेल्या. मग वच्छलाबाई उठल्या. अंगावर सत्काराची शाल तशीच, पण त्यांनी माइक घट्ट धरला.

"माहा मालक गेल्यावर शाल देता. जित्ता होता तवा तोंडाले बांधाले फडकं देलं अस्तं तं! दोन औषधं एकात कालवून देली त्याले. मी म्हटलं, वास लय उग्र हाय. तं दुकानदार म्हणे काई होत नाई. ज्यानं देलं तो माणूस इथंच बसला हाय, पयल्याच रांगेत..."

पडद्याशी उभ्या चंद्रभानने तळहात वर उचलला, आवाज चढवा म्हणून. मंचावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्या खुणेचा अर्थ विचारावा लागत नाही. सरफराजचा पाय आपसूक बटणावर गेला.

बाजा हॉलभर उसळला. वच्छलाबाईंचे ओठ हलत होते, बोट पहिल्या रांगेकडे रोखलेलं होतं, पण शब्द एकही ऐकू येईना. सुगतने तारांवर पंजा आपटून गिटार बंद केली. सरफराजला थांबता आलं नाही. इतका सुंदर बाजा कधीच वाजला नव्हता. लोक डोळे पुसत होते. पहिल्या रांगेतलेसुद्धा. टाळ्या पडल्या, आणि कोणीतरी वच्छलाबाईंना हाताला धरून खाली नेलं.

बाजा तोंडातून निघाला तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय केलं ते. तो धावत चंद्रभानकडे गेला.

"त्या बाईले परत बोलू द्या."

"पंगत बसली आता, मास्टर," चंद्रभान हसला. "अन् तुमी तं कमाल केली! दुकानदाराच्याई डोयात पानी आनलं."

वच्छलाबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या. सरफराज समोर जाऊन उभा राहिला.

"बाई, तो बाजा माहा होता."

त्यांनी वर पाहिलं. "अस्सं. मले वाटलं, माइकच बिघडला." मग शाल काढून पायरीवर ठेवली. "रस्त्यानं घोकत आल्ती मी. एकई गोष्ट सुटू नये म्हून. आता कोन बलावते मले?"

त्या उठून चालू लागल्या.

सुगत एसटी स्टँडवर सापडला. सरफराज चंद्रभानच्या नावाने बोटं मोडू लागला, तसं सुगतने त्याला तोडलं.

"त्याले काहून शिव्या देतं? पाय कोनाचा होता?"

अमरावतीची गाडी लागली. सुगत पुढच्या सीटवर एकटा जाऊन बसला. त्यानंतर तो सरफराजबरोबर वाजवायला आला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवी, एवढंच.

चंद्रभानचं पुढचं बोलावणं चांदूर बाजारच्या तशाच सत्काराचं होतं. सरफराजने ते नाकारलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो गेला. तिथे बोलायला एकही बाई ठेवली नव्हती. पडद्यावर फवारणीत गेलेल्यांचे फोटो येत-जात होते, आणि तो एकटा वाजवत होता. कार्यक्रम फार छान झाला, असं सगळे म्हणाले.