रस्त्याकडची भिंत

मी स्वयंपाकघराची भिंत बोलतेय, रस्त्याच्या बाजूची. भिंतींना कान असतात हे तुम्ही जाणताच. तोंड मी आज पहिल्यांदा उघडतेय, आणि तेही वेळ निघून गेल्यावर.

माझा जन्म याच उतारावरचा. पाया खणताना निघालेले दगड गवंड्याने एकावर एक रचले आणि मी उभी राहिले. ना गिलावा, ना रंग. घराचा मालक स्वतःच आर्किटेक्ट. त्याचं म्हणणं, नको ते काहीच घरात नको. आणि खालच्या रस्त्यावरून घर दिसायलाच नको, उतारावरचा खडक वाटला पाहिजे.

त्याची एक पद्धत होती. खणायच्या आधी तो जमिनीवर खुंट्या ठोकून दोऱ्या ताणायचा आणि त्या दोऱ्यांच्या घरातून माणसांना फिरवायचा. मी तेव्हा जमिनीतच होते. त्याची बायको स्वयंपाकघराच्या चौकोनात उभी राहिली, सिंक कुठे येणार ते तिने विचारून घेतलं आणि समोर बघत खुशीत म्हणाली, "अहो, इथून वळण दिसतं! पिल्लू शाळेच्या बसमधून उतरली की मला कळेल. घर पसंत आहे मला."

त्याने लगेच वहीत खूण केली. पण समोरची दोरी म्हणजे डोक्याच्या वर जाणारी भिंत, हे तो बोलला नाही. त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मी तिच्या कमरेला लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"इथे खिडकी राहिली."

"राहिली नाही. ठेवलीच नाही."

गवंडी मध्ये पडला. "वहिनी, हवी असेल तर आत्ताच बोला. भिंत चढली की दगड कुणाचं ऐकत नाही."

"खिडकी आली की भिंत फाटते," तो म्हणाला. "टेकडी कशी सलग उतरते, बघ ना."

"टेकडीला खाली उतरून भांडी घासायची आहेत का?"

गवंडी हसला. तोही हसला. आणि मी वर चढत गेले.

अकरा वर्षं ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. बस आल्यासारखी वाटली की नळ बंद करून कान द्यायची. सुरुवातीला अधूनमधून विषय काढायची, मग सोडून दिला. माणूस मागायचं थांबलं की बाकीच्यांना वाटतं, घरात सुख नांदतंय.

घर बघायला लोक यायचे. माझ्यावरून हात फिरवून म्हणायचे, "केवढी शांतता आहे!" फोटोच्या दिवशी तिचे डबे, किटली, हात पुसायचं फडकं, सगळं गाडीच्या डिकीत जायचं. एका विद्यार्थिनीने विचारलं, "काकू, अशा घरात राहताना कसं वाटतं?"

"मला काय विचारतेस? डिकीला विचार."

मागच्या वर्षी ती गेली. तीन आठवड्यांचं दुखणं. भेटायला येणारे थांबल्यावर एका सकाळी तो आपला कप विसळायला सिंकपाशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या जागी उभा राहिला. कप केव्हाच स्वच्छ झाला होता, पाणी वाहतच होतं.

आज त्याने त्याच गवंड्याला बोलावलंय. मुलगीही आली आहे.

"बाबा, आता कशाला?"

"आईला हवी होती."

"आईला तेव्हा हवी होती," एवढंच बोलून ती बाहेर गेली.

"फार मोठी नको," तो गवंड्याला म्हणाला. "हातभर रुंद, वीतभर उंच. नाहीतर बाहेरून भिंत फाटेल."

अजून त्याला माझीच काळजी.

"मग उंची नेमकी सांगा, साहेब. वहिनींची नजर कुठे यायची?"

या घरातल्या प्रत्येक कडीची उंची त्याला तोंडपाठ आहे. त्याने हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. शेवटी एका दगडावर बोट टेकवलं. "इथे असेल." गवंड्याने खडूने चौकट आखली.

फोडा मला, माझी हरकत नाही. पण गवंडीदादा, ओटा संपतो तिथला तो दगड एकदा चाचपून बघा, बाकीच्यांहून गुळगुळीत आहे. दमली की ती तिथे कपाळ टेकायची. तुमची चौकट त्याच्याही वर आहे. तिथून तिला नुसतं आभाळ दिसलं असतं. थोडी खाली घ्या हो.