रुमालाखालची परीक्षा

खाजाभाईच्या रुमालाखाली आजवर किती बैल विकले गेले, याची मोजदाद खुद्द खाजाभाईनेही ठेवली नव्हती. नशिराबादचा हा गुरांचा दलाल बाजारात उभा राहिला, की रावेर-फैजपूरकडचे केळीवालेसुद्धा बाकीच्या दलालांना ओलांडून त्याच्याकडे येत. खांद्यावरचा मोठा रुमाल तो आधी विकणाऱ्याच्या हातावर टाकी, खालून बोटं दाबी, मग तोच रुमाल घेणाऱ्याच्या हातावर. तोंडाने सगळे हवापाण्याच्या गप्पा मारत आणि भाव बोटांत ठरे. भोवती टपून बसलेल्यांना काही म्हणता काही कळत नसे.

असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर बी.कॉम. करतोय, हे कुणाला सांगून पटलं नसतं. खूळ त्याच्या मुलीचं, शाझियाचं. खाजाभाई जळगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना त्याचे वडील वारले आणि त्याने पुस्तकं खाली ठेवून रुमाल उचलला, ही गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. "अब्बा, नुसती सांगत काय बसता, पुरी करून टाका," असं म्हणून तिने एका विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला त्याचं नाव घातलं. मग काय, धडे मोबाइलवर, स्वाध्याय मोबाइलवर. बाजाराला जाताना टेम्पोत बैलांच्या शेजारी बसून खाजाभाई व्याख्यानं ऐकू लागला. एकदा प्राध्यापक 'घसारा', म्हणजे वापराने वस्तूची किंमत कशी घटते ते, शिकवत होते. खाजाभाईने शेजारच्या थकलेल्या बैलाकडे एक नजर टाकली, आणि तो धडा त्याला पुन्हा उघडावा लागला नाही.

घोडं अडलं ते संख्याशास्त्रात. बाकी सगळे विषय सुटले, हा एकच राहिला. कारण साधं होतं. खाजाभाई कागदावर हिशेब करतच नसे. रुमालाखाली डावा हात गिऱ्हाईक, उजवा हात मालक, आणि दोघांची घासाघीस झाली की उत्तर हजर. गेल्या वर्षी जळगावच्या केंद्रावर पर्यवेक्षकांनी पिशव्यांबरोबर त्याचा रुमालही बाहेर ठेवायला लावला. उघड्यावर त्याची बोटं मुकीच झाली आणि गडी सपशेल आपटला.

या वर्षी घरूनच ऑनलाइन पेपर देता येणार, असं कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. शाझियाने नियम मोठ्याने वाचून दाखवले. खोलीत दुसरं कुणी नको. तोंड आणि दोन्ही हात सतत कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. चूक झाली तर दोनदा सूचना मिळेल, तिसऱ्यांदा पेपर बंद आणि गैरप्रकाराचा शेरा. पोरगी हुशार, तिने टेबल, उजेड, कॅमेऱ्याचा कोन सगळं जातीने लावलं. रुमालाचा विचार मात्र तिच्या मनात आला नाही. तिच्या लेखी रुमाल हा अब्बांच्या अंगाचाच भाग होता, माणसाला परीक्षेला बसताना कान काढून ठेव म्हणून कोण सांगतं?

पेपरच्या दिवशी खाजाभाईची बायको अनवरी उंबऱ्यात ठाण मांडून बसली. अंडी मागायला आलेल्या शेजारणीलाही तिने हातानेच परत धाडलं. आत लॅपटॉपच्या कोपऱ्यात, धुळ्याहून देखरेख करणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम दिसत होत्या. चष्मा, करडा आवाज, कामाशी काम.

सुरुवातीचे प्रश्न पाठांतराचे होते, ते झरझर सुटले. मग सरासरी काढायचं गणित आलं, आणि खाजाभाईचे दोन्ही हात आपसूक मांडीवरच्या रुमालाखाली गेले.

"खाजाभाऊ, तुमचे हात दिसत नाहीयेत. ही पहिली सूचना."

त्याने चटका बसावा तसे हात वर घेतले. पण जित्याची खोड ती. पुढचं गणित जरा अवघड निघालं, आणि त्याचं त्यालाही कळायच्या आत हात पुन्हा खाली.

"भाऊ, मांडीवर काय आहे? मोबाइल आहे का?"

खाजाभाई उभा राहिला, रुमाल झटकून दाखवला, तळवे दाखवले. "काही नाही मॅडम. माझेच हात आहेत. बाजारात गुरांचा सौदा रुमालाखालीच करतो, तशीच बोटं चालतात."

"दोन्ही सूचना नोंदल्या गेल्यात. आता पुन्हा झालं तर पेपर आपोआप बंद होईल आणि कॉपीचा शेरा पडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

खाजाभाईने रुमाल घाईने टेबलावर काढून ठेवला. नापास होण्याची त्याला भीती नव्हती. बाजार चार दिवस हसला असता आणि विसरला असता. पण कॉपी? दलालाकडे ना दुकान असतं ना माल, असते ती फक्त जबान. चोरीचा डाग लागलेल्या माणसाच्या रुमालाखाली उद्या कोण हात देईल? आणि भिंतीपलीकडे ती पोरगी श्वास रोखून बसली होती, तिला काय सांगायचं?

त्याने हात टेबलावर ठेवले. बोटं ढिम्म. त्याने ती मोजून पाहिली, पुन्हा मोजली, आकडे वाळूसारखे निसटत होते. घड्याळ आपलं पुढे पळत होतं. दोन गणितं त्याने तशीच सोडून दिली.

आणि तिसऱ्या गणितावर त्याची बाजारातली अक्कल जागी झाली.

"मॅडम, एक विचारू? नियम हात दिसण्याचा आहे ना? रुमालाचा तर काही नाही?"

ज्योत्स्ना मॅडमनी खाली बघून काहीतरी चाळलं. "रुमालाबद्दल काही लिहिलेलं नाही."

"तोंड दिसलं पाहिजे, दोन्ही हात दिसले पाहिजेत, दुसरं कुणी नको. बस?"

"बस."

खाजाभाईने रुमाल उचलला, एक टोक कॅमेरा मोकळा ठेवून लॅपटॉपच्या माथ्यावर टाकलं आणि दुसरं आपल्या डोक्यावरून घेतलं. झाला तंबू. आत पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड, त्याचे दोन्ही हात, आणि कोपऱ्यात मॅडम. घाईगडबडीत त्याच्या तोंडून घरगुती खान्देशीच बाहेर पडली. "मॅडम, आते दिसी राहिनं का?"

तिकडे धुळ्यात मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मग करड्या आवाजातला करडेपणा कुठे गेला कोण जाणे. "दिसी राहिनं, भाऊ. तोंड, हात, बठ्ठं दिसी राहिनं. चालू द्या तुमचं."

मग खाजाभाईने जो काही बाजार मांडला म्हणता. डावा हात अडून बसे, उजवा समजूत घाली, सरासरी निघे, टक्केवारी निघे, सोडलेली दोन गणितंही त्याने परत येऊन सोडवली. इकडे बराच वेळ चाहूल लागेना म्हणून अनवरीने खिडकीतून डोकावलं, तर खुर्चीवर नवऱ्याच्या जागी कापडाचा ढीग, आणि तो ढीग स्वतःशी पुटपुटतोय. ती घाबरीघुबरी होऊन शाझियाला घेऊन आली.

"तुझ्या अब्बांना झालंय काय?"

शाझियाने पाहिलं, ओढणी तोंडात कोंबून हसू दाबलं आणि आईला मागे ओढलं. "काही नाही अम्मी. सौदा चाललाय."

पेपर संपला, बटण दाबलं गेलं. खाजाभाई तंबू मोडणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा भाऊ. त्या दोन सूचनांपुढे मला कारण लिहावं लागेल, ते वाचून वरचे लोक ठरवतील. बाजारात हात झाकता ते समजलं. पण खोलीत तर तुम्ही एकटेच होतात. मग कुणापासून लपवत होतात?"

खाजाभाईने डोक्यावरचा रुमाल नीट केला. हाच प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"लपवत नाही मॅडम. बाहेरून बघणाऱ्याला तसं वाटतं. ज्याचा हात आत असतो ना, त्याला विचारा. तोंडाने माणूस शंभर वेळा फिरतो, पण रुमालाखाली दाबलेलं बोट फिरवता येत नाही. वडील गेले तेव्हापासून मला खरं काय ते रुमालाखालीच बोलायची सवय. आज चुकलं ते एवढंच, की पहिल्या दोन वेळेला तुम्हाला बाहेर ठेवलं."

मॅडम लिहू लागल्या. बराच वेळ कळफलकाचा टकटक आवाज येत राहिला. मग त्यांनी वाचून दाखवलं, "परीक्षार्थीने दोन्ही वेळा हात रिकामे असल्याचं दाखवलं. त्यानंतरचा पेपर त्याने सर्वस्वी माझ्या डोळ्यांसमोर सोडवला. संशयाला जागा नाही." आणि विचारलं, "पटतंय का, भाऊ?"

खाजाभाईने मान हलवली आणि रुमाल उतरवून पुन्हा खांद्यावर टाकला.

निकाल लागला तेव्हा शाझिया मोबाइल घेऊन धावतच अंगणात आली. गुण कुठे दिसतात ते ती बोटाने दाखवू लागली, तर खाजाभाईने तिचा हात हळूच बाजूला केला. त्याने आधी शेऱ्याची जागा शोधली. ती कोरी होती. ती त्याने अनवरीलाही दाखवली.

"आता सांग," तो लेकीला म्हणाला, "पास झालो का?"