बॅटरी बदलली म्हणे

ताई दात बनवायच्या. डॉक्टर नव्हत्या त्या. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ताई आपल्या दोन खोल्यांच्या कामाच्या जागेत बसून त्या मापावरून कवळी घडवायच्या. सव्वीस वर्षांत दिलेली तारीख एकदाही चुकली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता.

तीन दवाखान्यांना त्या स्वतः गाडी चालवत कवळ्या पोचवायच्या. सगळ्यात लांबचा दवाखाना धरणाजवळच्या गावात, जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर. त्यासाठीच तीन वर्षांपूर्वी धाकट्या दिरांच्या आग्रहावरून इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. "वहिनी, बिनधास्त घ्या. ना पेट्रोल, ना ऑइल, ना आवाज. पाच वर्षं बॉनेट उघडायची गरज पडायची नाही," असं दीर म्हणाले होते.

मग कंपनीचं पत्र आलं. बॅटरीत दोष सापडलाय, गरम होऊन पेट घेण्याची शक्यता आहे, तेव्हा साठ टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, छताखाली लावू नका, चार्ज होत असताना गाडी सोडून जाऊ नका. बॅटरी मोफत बदलून मिळेल. त्या दिवसापासून दीर वहिनींचा फोन दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उचलू लागले.

ताईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. हातात आलेला कुठलाही कागद ते पेन्सिल घेऊनच वाचत. त्यांनी पत्रातल्या चार चुकांना गोल केले आणि म्हणाले, "शुद्धलेखनाच्या नावाने बोंब आहे, पण मजकूर स्पष्ट आहे. काम दोन टप्प्यांत होणार. आधी सॉफ्टवेअर, मग बॅटरी."

पंधरा दिवसांत सॉफ्टवेअर घालून झालं. त्यानंतर पंधरा महिने काहीच झालं नाही.

दर महिन्याला ताई फोन करायच्या. पलीकडून एक गोड आवाज म्हणायचा, "पार्ट आला की आम्हीच तुम्हाला कळवू, मॅडम."

"अहो, पण कधी येणार?"

"ते वरून ठरतं, मॅडम."

इमारतीच्या सेक्रेटरींनी हात जोडून सांगितलं होतं की गाडी खालच्या पार्किंगमध्ये नको, वर माणसं राहतात. त्यांचंही चूक नव्हतं. मग पोहण्याच्या तलावामागच्या मैदानात दोन चार्जर होते, तिथे जायचं. गाडी सोडून जायचं नाही म्हणून ताई घडीची खुर्ची घेऊन शेजारी बसायच्या आणि मांडीवर फडकं पसरून कवळ्या घासायच्या. एकदा पोहून आलेल्या एका गृहस्थांनी ते मांडीवरचे दात पाहिले आणि लांबच्या फाटकाने जाणं पसंत केलं.

तिथेच बाकीचे भेटले. एक होते निवृत्त पोस्टमास्तर, तीच गाडी, तोच रंग. एक होती बेकरीवाली, तिची गाडी पांढरी, आत कायम भाजलेल्या पावाचा वास. हळूहळू आणखी काही जण यायला लागले. आळीपाळीने प्लग लावायचा आणि गप्पा मारायच्या.

"मला तर वाटतं आपण गाडी नाही, तान्हं बाळ घेतलंय," बेकरीवाली म्हणायची. "जेवताना सोडायचं नाही, पोटभर भरवायचं नाही, आणि बंद खोलीत ठेवायचं नाही."

पोस्टमास्तर दर वेळी गंभीरपणे सांगायचे, "तीस वर्षं मी लोकांची पत्रं पोचवली. माझ्या सहा पत्रांना मात्र या कंपनीचं एकही उत्तर नाही."

हसत-खेळत हे असंच चाललं असतं, पण मधे हेडमास्तरांची गोष्ट घडली.

धरणाजवळच्या गावात एक म्हातारे हेडमास्तर होते. त्यांच्या शाळेने त्यांचा सत्कार ठेवला होता, सकाळी अकराला. नवी कवळी त्याच सकाळी दहाला द्यायची ठरली होती. ताई साठ टक्के चार्ज घेऊन वेळेवर निघाल्या. वाटेत घाट होता, समोरून वारा होता, आणि चढावर आकडा भराभर उतरू लागला. शेवटी वाटेतल्या चार्जरवर थांबावं लागलं. तिथे आधीच दोन गाड्या रांगेत. ताई पोचल्या तेव्हा साडेबारा वाजले होते. हेडमास्तर बोळक्या तोंडाने भाषण करून दवाखान्यात आले होते.

"काही बिघडलं नाही हो," ते ताईंना म्हणाले. "मुलांना एक अक्षर कळलं नाही, म्हणून टाळ्या जास्त पडल्या."

सगळे हसले. ताईही हसल्या. पण परतताना त्यांना गाडी बाजूला घेऊन डोळे पुसावे लागले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तारीख चुकली होती, आणि त्यात त्यांचा हात कुठेच कमी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन न करता त्या थेट सर्व्हिस सेंटरला गेल्या. समोर काचेची शोरूम, चकचकीत फरशी, कॉफीचं यंत्र. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला, आणि आतून फोरमनकाकांना बोलावलं. काका साठीला टेकलेले, निळा डगला, हाताला काळं. बोलताना ते तोंडासमोर हात धरायचे. ताईंना कारण लगेच कळलं. वरची कवळी सैल होती, प्रत्येक 'स' ला शिट्टी वाजत होती. पण ती बोलायची वेळ नव्हती.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं. "बाई, तुमच्या गाडीचं काम झालेलं दिसतंय."

"कसलं काम?"

"रिकॉलचं, त्या बॅटरीच्या पत्राचं. पंधरा महिन्यांपूर्वी पूर्ण, असं लिहिलंय."

"माझ्या गाडीची बॅटरी बदलली आणि मलाच पत्ता नाही? मी काय तेव्हा झोपले होते?"

काकांनी ताईंना बाकावर बसवलं, स्वतःही बसले आणि आवाज खाली आणला. "बदललेली नाही. काम दोन टप्प्यांचं, पण सिस्टीममध्ये नोंद एकच. सॉफ्टवेअर घातलं की नोंद बंद होते. नोंद बंद झाली की कंपनीच्या लेखी तुम्ही मोकळ्या. मग पार्ट मागवणार कोण? मी दोनदा वर कळवलंय. पण एका फोरमनचं कोण ऐकतं? गिऱ्हाइकांनी मिळून लेखी दिलं तर गोष्ट वेगळी."

ताई तिथून सरळ तलावामागच्या मैदानात आल्या. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, जणू पंधरा महिन्यांनी कोणी त्यांना खरं काम दिलंय. त्या आठवड्यात प्रत्येकाने सर्व्हिस सेंटरला फोन करून एकच प्रश्न विचारला. अकरा गाड्या, अकरा नोंदी, सगळ्या 'पूर्ण'. पोस्टमास्तरांनी अर्ज लिहिला, ताईंच्या यजमानांनी त्यातल्या दोन वेलांट्या सुधारल्या आणि कंपनीच्या पत्रातलं 'दोन टप्प्यांत' हे वाक्य ठळक करून सोबत जोडलं.

सोमवारी सकाळी अकरा गाड्या सर्व्हिस सेंटरच्या अंगणात ओळीने येऊन उभ्या राहिल्या, पहिल्या दोन तिथल्याच चार्जरला लागल्या. इतक्या गाड्या आल्या आणि आवाज काहीच नाही, म्हणून मॅनेजर बराच वेळ फोनवरच बोलत राहिले. मान वर केली तेव्हा समोर अकरा घडीच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"अहो, इथे गाड्या लावता येणार नाहीत," ते धावत बाहेर आले.

पोस्टमास्तरांनी चष्मा लावला आणि पत्र वाचलं. "'गाडी मोकळ्या जागेत, इमारतीपासून दूर लावावी.' याहून मोकळी जागा आम्हाला शहरात सापडली नाही. 'गाडी चार्ज होत असताना सोडून जाऊ नये.' म्हणून बसलोय."

बेकरीवालीने टोपली उघडून सगळ्यांना गरम पाव वाटले. मॅनेजरनाही दिला. त्यांनी तो घेतला आणि मग चिडणं त्यांना जड जाऊ लागलं. आत जाऊन त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला आणि दहा मिनिटांनी फोन स्पीकरवर टाकून बाहेर आणला. पलीकडचे साहेब म्हणत होते, "आमच्या माहितीनुसार या सगळ्या गाड्यांची दुरुस्ती झालेली आहे."

पोस्टमास्तर कलमं आणि तारखा सांगू लागले. साहेब तेच वाक्य पुन्हा म्हणाले. तेव्हा ताईंनी फोन हातात घेतला.

"साहेब, मी कवळ्या बनवते. आधी मेणाची करून आम्ही तोंडात बसवून बघतो. नीट बसली की मग पक्की. मेणाची बसवली आणि वहीत 'काम झालं' असं लिहून पेशंटला घरी पाठवलं, तर तो बिचारा पहिल्याच घासाला काय करेल? तुम्ही आम्हाला मेणाची बसवून घरी पाठवलंय. तीही पंधरा महिन्यांपूर्वी."

मग साहेबांनी विचारलं, "फोरमन आहेत का तिथे?"

काका पुढे आले. यावेळी त्यांनी तोंडासमोर हात धरला नाही. शिट्ट्यांसकट सगळं सांगितलं, स्वतः कधी कळवलं तेही सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

संध्याकाळी अकराही जणांना निरोप आला की नोंद चुकीने बंद झाली होती, ती पुन्हा उघडली आहे. आठवड्याभरात कळलं की अशा चुकीच्या नोंदी फक्त इथल्याच नव्हत्या, दुसऱ्या शहरांतल्या गाड्याही त्यात निघाल्या. पाचव्या आठवड्यात बॅटऱ्यांचा पहिला ट्रक आला. पहिला नंबर बेकरीवालीला द्यायचं सगळ्यांनीच ठरवलं, कारण तिची पाव पोचवायची पहाटेची फेरी चुकवता येण्यासारखी नव्हती. ताईंची गाडी चौथी. काकांनी स्वतः काम केलं आणि जुनी बॅटरी काढून ठेवलेली ताईंना दाखवली. "बघून घ्या बाई. यावेळी डोळ्यांदेखत."

"बघितली," ताई म्हणाल्या. "आता माझं ऐका. शनिवारी माझ्याकडे या, ती वरची कवळी घेऊन."

काका एकदम लाजले. "अहो, बदल्यात कशाला... मी माझं काम केलं."

"बदल्यात नाही हो. मधल्या काळात तुमचं वजन उतरलं असणार, हिरडी आत गेलीय, कवळी जागा सोडतेय. मला ती शिट्टी ऐकवत नाही. माझ्या धंद्याचा अपमान होतो."

काका शनिवारी आले. ताईंनी कवळीला आतून नवा थर दिला, कडा घासल्या, पुन्हा बसवली. काकांनी आरशासमोर उभं राहून सावकाश म्हणून पाहिलं, "सर्व्हिस सेंटर. सॉफ्टवेअर. सस्पेन्शन." एकही शिट्टी नाही. मग ते इतकं मोठ्याने हसले की आतल्या खोलीतून ताईंचे यजमान पेन्सिल घेऊन बाहेर आले.

पुढच्या मंगळवारी ताई शंभर टक्के चार्ज करून निघाल्या. कितीतरी दिवसांनी तो आकडा पाहिला होता. तिन्ही दवाखान्यांची फेरी करून, घाट चढून-उतरून, त्या दीडलाच घरी परतल्या. यजमान दारात उभे राहिले. "काय गं, काही विसरलीस का?"

"काही नाही. काम झालं."

आता या उरलेल्या दुपारचं काय करायचं, हे दोघांनाही पटकन सुचेना. जेवण झालं, भांडी झाली, तरी तीन वाजायचे होते. दिरांचा फोन आला, पहिल्याच रिंगला ताईंनी उचलला.

"वहिनी, ऐकलं मी. बघा, गाडी चांगलीच आहे, मी म्हणत होतो ना?"

"भावजी, गाडी चांगली आहे. तुम्ही मात्र अजून थोडे दिवस जपून राहा."

मग दोघं गाडीत बसून उगाच निघाली. कुठे जायचं ते ठरलंच नव्हतं. गावाबाहेरच्या रस्त्याला दुतर्फा झाडं होती आणि वाहतूक तुरळक. यजमान वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत चुका काढत होते. "'शितपेये', पहिलीच वेलांटी चुकली बघ." थोड्या वेळाने आवाज थांबला. ताईंनी पाहिलं तर ते काचेला डोकं टेकवून झोपले होते. त्यांनी वेग थोडा कमी केला, आणि नदीवरचा पूल ओलांडून गाडी पुढे जाऊ दिली.