दबोराचं काळं खोकं

या, जरा पुढे सरका. मागे बसलेल्याच्या कानावर ही गोष्ट अर्धीच पडते, आणि अर्धी गोष्ट घेऊन कुणी घरी जाऊ नये. डेट्रॉइटच्या उत्तरेला विटांचं एक चर्च आहे. तिथे होलिस बर्डेट नावाचा एक डीकन, म्हणजे चर्चचा सेवेकरी, होता. त्याची एक गाडी होती आणि एक मित्र होता. त्या मित्राने तीन दिवस स्वतःला कसं भाजून घेतलं आणि शेवटी त्याच्या हाती काय लागलं, ते सांगायचं आहे.

मित्राचं नाव रॉस्को टॉलिव्हर, वय अडुसष्ट. होलिस आणि तो एकतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच रांगेत उभे राहून इंजिनं जोडत होते. दोघांची निवृत्तीही एकाच वर्षी झाली. रविवारी दोघे एकाच बाकावर बसत. पाळकसाहेब प्रवचनात रंगले आणि त्यांचं बोलणं हळूहळू गाण्यात उतरू लागलं, की होलिस डोळे मिटून पायाने ताल धरी आणि रॉस्को मोठ्याने म्हणे, "चालू दे, पाळकबाबा, चालू दे."

होलिसची गाडी म्हणजे सत्तर सालची, गडद जांभळी, दोन दारांची, पुढे भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन असलेली. तिचं नाव त्याने पवित्र शास्त्रातल्या, न्याय करणाऱ्या आणि विजयाचं गीत गाणाऱ्या बाईवरून ठेवलं होतं: दबोरा. म्हणायचा, "न्याय करते आणि गातेही."

त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात एक रीत आहे. सभासद गेला की शववाहिकेच्या पुढे त्याची स्वतःची गाडी चालते. शेवटची प्रार्थना सुरू झाली की चर्चच्या दारात तिचं इंजिन चालू करायचं आणि थडग्यापाशी पोचेपर्यंत बंद करायचं नाही. दफनभूमीपर्यंत सहा मैल, तेही माणसाच्या चालीने. एकदा लमार नावाच्या सभासदाची गाडी अर्ध्या वाटेत बंद पडली आणि ती दोरीने ओढून न्यावी लागली. या गोष्टीला चौदा वर्षं झाली, पण अजून त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, "कोण, तो दोरीवर गेलेला लमार?"

गेल्या वर्षी होलिसच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तिच्या आदल्या दिवशी त्याने रॉस्कोचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. "दबोराला दोरीवर नेऊ नकोस." रॉस्कोने हो म्हटलं होतं. बुधवारी सकाळी होलिस न्याहारीच्या टेबलाशी, कॉफी अर्धी ठेवून गेला. अंत्यविधी शनिवारी ठरला.

गुरुवारी सकाळी रॉस्कोने दबोराला बाहेर काढलं. महामार्गावर ती अशी धावली की बघत राहावं. तापमानाचा काटा मध्यावर, जराही हलला नाही. मग तो वस्तीत आला आणि शववाहिकेच्या चालीने चालवून पाहिली. नऊ मिनिटांत काटा लाल रेषेला टेकला. चर्चच्या वळणावर बॉनेटखालून वाफ निघाली आणि गरम, गोडसर वासाचं पाणी रस्त्यावर सांडलं.

नेमका क्लबाचा अध्यक्ष वेंडेल स्प्रूल समोरच्या न्हाव्याच्या दुकानात बसला होता. तोंडाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला.

"काय रे, चहा टाकलायस का?"

"तू जा, दाढी पूर्ण कर."

"माझ्या मेव्हण्याकडे ट्रेलर आहे. उघडा नाही, चांगला बंद ट्रेलर. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"होलिसला कळेल," रॉस्को म्हणाला.

"होलिस आता वरच्या कारखान्यात गेलाय, रॉस्को. तिथे इंजिनं तापत नाहीत."

"वेंडेल, साबण वाळतोय."

त्या दिवशी रॉस्कोने रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, थर्मोस्टॅट, बदलला. दबोराला पुन्हा वस्तीत फिरवलं. दहाव्या मिनिटाला काटा लाल. मग रेडिएटर काढून उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. काटा लाल. शुक्रवारी सकाळी नवा वॉटर पंप आणून बसवला, पट्टा ताणून घेतला. आता अकरा मिनिटं लागली. रॉस्कोला आधी वाटलं दोन मिनिटं कमावली, मग आठवलं की सकाळची हवाच थंड होती. उद्या दुपारी एक वाजता, ऑगस्टच्या उन्हात निघायचं होतं.

त्याला बसवत नव्हतं. गॅरेजमधून अंगणात, अंगणातून फाटकापाशी, परत गॅरेजमध्ये. बायको नाही, मुलगी टेक्सासात; स्वयंपाकघरात कुणी वाढायला नव्हतं आणि वाढलं असतं तरी त्याने खाल्लं नसतं. कधी पाना घेऊन उभा राही आणि कशासाठी घेतला तेच आठवेना. एकतीस वर्षं इंजिनं जोडली, आणि आता एका इंजिनाचा ताप उतरवता येईना. ज्याला विचारायचं, तोच नेमका गेलेला.

दुपारी तो चर्चमध्ये गेला. पाळक मेब्री कचेरीत प्रवचनाचे कागद पसरून बसले होते. पंखा बिघडलेला, म्हणून हातातल्या पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेत होते. त्यावर एका अंत्यविधीगृहाचं नाव आणि मेंढपाळाचं चित्र. असले पंखे तिथल्या प्रत्येक बाकावर असतात.

"पाळकसाहेब, उद्या थोडं आवरतं घ्याल?" रॉस्को उभ्यानेच म्हणाला. "शेवटच्या प्रार्थनेपासून गाडी चालू ठेवायची असते. तुम्ही दहा मिनिटांत उरकलंत तर बरं होईल."

मेब्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "ब्रदर टॉलिव्हर, पस्तीस वर्षं तूच मला 'चालू दे' म्हणतोस."

"उद्या नाही म्हणणार."

"माझं काय, मी सरळ बोलत असतो. मग तो ऑर्गनवाला एक सूर देतो. तो सूर आला की माझ्या हातात काही राहत नाही. उद्या तर होलिस समोर झोपलेला असणार." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बस जरा. घे, वारा घे. तुझाच चेहरा लाल रेषेवर आलाय."

रॉस्को बसला नाही, पण पंखा घेतला आणि तसाच निघाला.

गॅरेजमध्ये आल्यावर दबोराचं इंजिन चालू करून तो रेडिएटरच्या जाळीसमोर उभा राहिला आणि पंख्याने स्वतःला वारा घालू लागला. घालता घालता हात थांबला. इंजिनाचा पंखा फिरतोय, मग त्याने समोरची हवा आत ओढायला हवी. ओढत असेल तर एवढासा पुठ्ठा चिकटून बसायला हवा. त्याने पुठ्ठ्याचा पंखा रेडिएटरला टेकवला आणि हात काढला. पंखा क्षणभरही टिकला नाही. घसरला आणि चित्रातल्या मेंढपाळासकट पायाशी पडला.

रॉस्कोने तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. मग तो बाजूला गेला आणि इंजिनाच्या पंख्याच्या कडेला हात धरला. सगळा वारा तिथून, बाजूने येत होता. रेडिएटरमधून काहीच येत नव्हतं. पंखा मोकळ्या जागेतली गरम हवाच घुसळत होता. महामार्गावर पुढून वारा आपसूक येतो, म्हणून तिथे काटा शांत. चालीने चाललं की सगळा भार पंख्यावर, आणि त्या पंख्याला समोरची हवा खेचून आणायला काही उरलेलंच नव्हतं.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये एक काळं खोकं असतं, मध्ये मोठं गोल भोक असलेलं. त्याने बाजूची वाट बंद होते. दबोराला ते नव्हतं. आणि का नव्हतं, ते रॉस्कोला नीट ठाऊक होतं, कारण अठ्ठ्याण्णव साली त्यानेच ते काढायला लावलं होतं. प्रदर्शन होतं. होलिसने इंजिनावर क्रोम चढवलं होतं आणि त्या काळ्या खोक्याने सगळी चमक झाकली जात होती. "काढ ते काळतोंडं," रॉस्को म्हणाला होता. "परीक्षकांना आरसा दाखव." ढाल मिळाली. होलिसने ती रॉस्कोच्याच घरी ठेवली होती. अजून त्याच्या दिवाणखान्यात होती.

तो होलिसच्या घरी गेला तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. चर्चच्या बायकांनी आणलेली भाजलेली मॅकरोनी, तळलेली कोंबडी, तीन केक. होलिसची बायको ओपल एकटी टेबलाशी बसून डबे कुणाकुणाचे याची चिठ्ठी लावत होती.

"काहीतरी खा," ती म्हणाली.

"ओपल, गाडी तापते ती माझ्यामुळे." आणि त्याने सगळं सांगितलं, प्रदर्शन, आरसा, काळं खोकं. एका दमात. "नवं मागवायला आठवडा लागेल. क्लबात विचारलं, या गाडीचं कुणाकडे नाही."

ओपलने पेन खाली ठेवलं. "त्याला माहीत होतं, रॉस्को."

"काय माहीत होतं?"

"की ती हळू चालली की तापते. पहिल्या उन्हाळ्यातच कळलं त्याला. मी म्हटलं, मग बसव परत ते खोकं. तर म्हणाला, नको, रॉस्कोने सांगून काढलंय. तो रोज येतो, बॉनेट उघडतो, बघून खूश होतो. त्याला कशाला वाटू द्यायचं की चुकला."

रॉस्को उभ्याचा बसला. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड नावाच्या हमरस्त्यावर जुन्या गाड्यांची गर्दी होते, हजारो गाड्या, मुंगीच्या पावलाने. आणि दरवर्षी होलिस अर्ध्या तासात घरी निघे. रॉस्को सगळ्यांसमोर त्याला चिडवी: "बायकोने एवढीच सुट्टी दिली वाटतं." होलिस हसून म्हणे, "हो रे, तिला घाबरतो मी."

"सव्वीस वर्षं मी त्याला बायकोचा बैल म्हणालो," रॉस्को म्हणाला.

"मला माहीत आहे. मलाही ऐकू यायचं." ओपल उठली. "चल मागे. टाकवेना म्हणून त्याने ते ठेवलंय कुठेतरी. म्हणजे, कुठेतरी काय, माझ्या डोळ्यांपुढेच."

मागच्या अंगणात कुंपणाला लागून ते काळं खोकं जमिनीवर आडवं होतं, उन्हाने राखाडी झालेलं. मधल्या गोल भोकातून गुलाबाचं झाड वर आलं होतं. बुंधा मनगटाएवढा, फांद्या चहूकडे पसरून खोक्याच्या कडांवर बसलेल्या. ते वर काढायचं तर झाड बुंध्यापर्यंत उतरवावं लागणार होतं.

"त्याने लावलेलं आहे," रॉस्को म्हणाला. "नको."

"मला विचारून नाही लावलं. पंचवीस वर्षं माझ्या बाह्या फाडतंय." ती शेडमधून करवत घेऊन आली आणि स्वतःच गुडघे टेकून बसली. "मुळं राहतील. त्याला यायचं असेल तर येईल पुढच्या वर्षी. तू फांद्या धर. हातमोजे नाहीत, तेवढं सोस."

रॉस्कोने सोसलं. खोकं निघालं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर रक्ताच्या रेघा होत्या. एक कोपरा तडकला होता. तो त्याने बारीक छिद्रं पाडून तारेने शिवून घेतला. संध्याकाळच्या उजेडातच खोकं जुन्या जागी चार बोल्टांवर बसलं. मग त्याने इंजिन चालू केलं आणि पुठ्ठ्याचा पंखा जाळीपुढे नेला. हातातून हिसकावल्यासारखा तो जाऊन रेडिएटरला चिकटला. रॉस्को वीस मिनिटं त्याच्याकडे बघत उभा होता. पंखा पडला नाही.

तरी शनिवारी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. उभी गाडी, कडक ऊन, तारेने शिवलेलं म्हातारं प्लास्टिक. शेवटची प्रार्थना सुरू झाल्याची खूण मिळाली, त्याने किल्ली फिरवली. वेंडेल पायरीवर येऊन उभा राहिला. ट्रेलर कोपऱ्यावर लावलेला रॉस्कोने पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

आतून मेब्रींचा आवाज येत होता. प्रार्थना साधी चालली होती, बोलण्यासारखी. मग ऑर्गनने एक सूर दिला.

रॉस्कोने डोळे मिटले. पाळकसाहेब सुटले. एकेक शब्द लांबत गेला, लोक उत्तर देऊ लागले, टाळ्या पडू लागल्या. होलिस कसा दार उघडायला सर्वांत आधी यायचा, कसा कुणाचं उणं बाहेर काढायचा नाही, ते सगळं गाण्यातून येत होतं. पाच मिनिटं. बारा मिनिटं. काटा मध्याच्या वर चढला, आणखी चढला. रॉस्कोचे ओठ हलत होते, पण काय मागतोय ते त्यालाच कळत नव्हतं. अठरा मिनिटं. काटा लाल रेषेच्या दोन बोटं अलीकडे येऊन उभा राहिला, आणि तिथेच राहिला.

तेव्हा रॉस्कोने खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि चर्चच्या दाराकडे बघून म्हणाला, "चालू दे, पाळकबाबा. चालू दे."

शवपेटी शववाहिकेत ठेवल्यावर ओपल काळ्या मोठ्या गाडीत न बसता दबोराच्या पुढच्या बाकावर येऊन बसली. सहा मैल ते चालीने गेले. लोक पदपथावर टोप्या काढून उभे होते. ओपल वाटेत एकदाच बोलली. काट्याकडे बघून म्हणाली, "आज घाई नाही केली त्याने घरी जायची."

थडग्यापाशी पोचल्यावर रॉस्कोने किल्ली उलटी फिरवली. एवढंच झालं. वेंडेल रिकामा ट्रेलर घेऊन परत गेला आणि पुढे त्याने त्याचा विषय काढला नाही.

तुमच्या बाजूने एकच करा. तुमच्या घोळक्यातून कुणी नेहमी लवकर निघत असेल, आणि तुम्ही चिडवल्यावर नुसता हसत असेल, तर चिडवायच्या आधी होलिस बर्डेटची आठवण काढा.