शेषराव रडले तेव्हा

कुरुंद्याच्या मंगल कार्यालयात राणीचं लग्न लागत होतं. पांढरी साडी नेसून ती प्रेमानंदच्या शेजारी उभी होती, पण तिचं सगळं ध्यान पायाखालच्या फरशीकडं. पहाटेच घरातली भांडी खणखणली होती. या भागात जमीन अधूनमधून गुरगुरते, लोक अंगणात येतात आणि थोड्या वेळानं आत जातात. पण आजचा धक्का मोठा होता.

"लग्न मैदानात लावा," तिची आई पंचफुला सकाळपासून म्हणत होती. बाप शेषराव ऐकेना. उभी हयात एसटी चालवलेला माणूस.

"काहून भेता? मी हाय ना," शेषराव म्हणाले होते.

राणीनं त्यांना कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं आणि रडताना तर नाहीच. त्यांची आई गेली तेव्हा सगळं गाव रडलं. हे मात्र कोरड्या डोळ्यांनी लोकांना पाणी देत फिरले.

बुद्धवंदना सुरू झाली. बाहेरून जड ट्रक गेल्यासारखा आवाज आला. मग तोच आवाज खालून, पोटात घुमल्यासारखा. वरचे पंखे झुलायला लागले.

"भायेर पळा!" कुणीतरी ओरडलं.

खुर्च्या पडल्या, लेकरं किंचाळली. प्रेमानंदनं राणीचं मनगट धरून तिला ओढतच मैदानात आणलं. पंचफुला धापा टाकत आली.

"तुझे आबा कुठंत? अन् आजी?"

दोघंही नव्हते. राणी दाराकडं धावली. प्रेमानंदनं तिला कमरेला धरून मागं खेचलं, तेवढ्यात दारावरचा गिलावा धाडकन खाली आला. जमीन पुन्हा गुरगुरली. "आबा!" ती ओरडली.

आणि धुळीतून भागूबाई, तिच्या आईची आई, हळूहळू बाहेर आली. तिनं जावयाचा हात घट्ट धरला होता. चुकलेलं लेकरू घरी आणावं तसे शेषराव तिच्यामागून चालत होते.

मैदानात येताच ते मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. एवढ्या मोठ्यानं की सगळी माणसं वळून पाहायला लागली. राणीच्या काळजाचं पाणी झालं. धक्क्यानं भ्याली नव्हती तेवढी ती आता भ्याली.

"आबा, कुठं लागलं?"

"न्हाई गं. पाय उचलेनात. तू भायेर गेलेली दिसली अन् मी खांबाला धरून तसाच उभा. वाटलं, संपलं आता." त्यांनी भागूबाईकडं हात केला. "या म्हातारीनं आणलं मला."

"मला कुठं पळता येते?" भागूबाई म्हणाली. "म्हटलं, जावई, चला, दोघं मिळून जाऊ."

पंचफुलानं तोंडाला पदर लावला. शेषरावांच्या एसटी डेपोतली माणसं आली होती, तीही डोळे पुसायला लागली. शेषरावांना गप्प राहा असं कुणीच म्हणालं नाही.

लग्न मैदानात, भर उन्हात लागलं. वंदना म्हणणाऱ्यांचा आवाज कापत होता. शेषराव चारचौघांत टिपं गाळत उभे होते आणि राणीनं त्यांचा हात धरून ठेवला होता.

हार घालायच्या वेळी रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली. सगळं मैदान दचकलं, निम्मी माणसं पळायच्या बेतात. मग रडता रडता शेषरावांनाच आधी हसू फुटलं.