जुरेमाच्या गळ्यातली पाटी

मी जुरेमाच्या गळ्यातली पाटी बोलतेय. जन्माने मी पेरूच्या खोक्याची फळी. आयुष्यभर पेरूंच्या वासात राहायचं, एवढीच माझी अपेक्षा. आणि नशिबात आली माणसं! त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.

आमच्या ओरू प्रेतूत, ब्राझीलच्या या डोंगराळ गावात, इंजिनिअर व्हायला आलेली पोर आधी शिकणाऱ्या मुलींनी मिळून चालवलेलं एखादं घर राहायला निवडते. एकेका घराला एकेक वेड: कुठे गाणं, कुठे डोंगर, कुठे दगडधोंडे. मग सहा महिने घर तिची परीक्षा घेतं, आणि शेवटी सगळ्याजणींनी 'हो' म्हटलं तरच ती घरची. तोवर गळ्यात माझ्यासारखी पाटी, तीवर घराने ठेवलेलं टोपणनाव. बाजारात, वर्गात, अगदी चर्चमध्येसुद्धा!

जुरेमाने घर निवडलं फोनवर. लाइनच्या खरखरीत तिला ऐकू आलं, "आमचं घर बातेयाचं." बातेया म्हणजे नदीच्या वाळूतून सोनं धुऊन काढायचं लाकडी ताट. तिच्या आजोबांचा जन्म त्यातच गेलेला, आणि ही धातुशास्त्र शिकायला निघालेली. हरखलीच. आजोबांचं ताट काखेत मारून दारात उभी राहिली, तर आत अकरा जणी ढोल बडवत होत्या. फोनवरचा शब्द होता 'बातेरिया'. म्हणजे ढोलपथक!

"अगं, ताट कशाला आणलंस? भात वाढून घ्यायला?" घरातली सर्वांत जुनी ग्लाउसिया म्हणाली. सगळ्या हसून लोळल्या. जुरेमाही हसली, आणि परत जायच्या लाजेने तिथेच राहिली. त्याच दिवशी माझ्यावर लाल रंगात 'बातेया' लिहिलं गेलं.

तिला ढोल शिकवायचं काम एउलिनाने अंगावर घेतलं. "उजवा गं, उजवा! तो डावा आहे, माझे आई!" असं ओरडायची आणि मग आपल्या ताटलीतला चीजचा गरम पाव तिच्या तोंडात कोंबायची. दोघींचं चांगलं मेतकूट जमलं.

पण सरावाची वेळ झाली, की जुरेमाची छाती अशी धडधडायची, की मी तिच्यावर टकटक आपटायचे. तोंडावर हसू आणि आत ही धडधड! माणसं असं कसं जगतात, मला कळेना.

एकदा नदीकाठी दगड गोळा करायच्या नादात तिने सराव चुकवला. परत येते तर गादी, वह्या, चपला, आतले कपडे, सगळं अंगणात एका ढिगात, वर पीठ भुरभुरलेलं. या शिक्षेला इथे 'वारा' म्हणतात. मी हबकले. तिने आईला फोन लावला.

"आई, आज आमच्याकडे वारा आला होता."

"मग खिडक्या लावून घ्यायच्या ना! धांदरट कुठली!"

जुरेमा हसली, मग रडली, आणि पीठ झटकून सरावाला बसली. घर सोडलं म्हणजे आपण हरलो, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

निवडीचा दिवस आला. ग्लाउसिया एकेकीला विचारत गेली. दहा जणींचा हो झाला. उरली एउलिना.

"नाही," एउलिना म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? तूच ना तिला शिकवलंस?"

"म्हणूनच सांगते. ही पोर दगडांची आहे, इथे नुसती लाजेने राहिलीय. वरच्या आळीतल्या दगडवाल्या मुलींशी मी बोललेय. त्या घेतील हिला."

जुरेमा पांढरीफटक पडली. "बहीण मानलं होतं तुला," एवढंच म्हणाली. मला गळ्यातून ओढून टेबलावर आपटलं आणि निघून गेली.

आता माझा सर्वांत मोठा धक्का सांगते. तो 'नाही' पडला, तेव्हा मी तिच्या छातीवरच होते. सहा महिन्यांची ती धडधड एकदम थांबली. एक लांब, खोल श्वास आत गेला. राग, रडू, सगळं त्यानंतर आलं. तिला स्वतःलाही ते कळलं नसेल.

जुरेमा दगडवाल्या घरात रमलीय म्हणतात. पण रस्त्यात एउलिना दिसली, की वाट बदलते. एउलिनाने मला आपल्या पलंगाशी टांगलंय. रोज माझ्याकडे बघून विचारते, "मी चुकले का गं?"

मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कधी या चढावर आलात, तर एउलिनाला तेवढं सांगा: बाई, तू 'नाही' म्हणालीस, तेव्हा त्या पोरीने श्वास घेतला.