बाबांच्या खांद्यामागची मुलगी

तलावाकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्यालगतच्या खडकावर तलावबाबा डोळे मिटून उभे होते. कॅमेरा मात्र त्यांच्यापासून बराच लांब, बांधाच्या टोकाला स्टँडवर चढवलेला. आज एका म्हाताऱ्याला त्याची गेलेली बायको फोटोत दिसणार होती.

"पुढे येऊ नका! आत्मे बुजतात," शिष्य गर्दीला दटावत होता. "चेहरा अंधुकच येणार. देहच नाही, तर नाकडोळे कुठून येणार? आणि गेलेलं माणूस जरा आकसतं, तेव्हा लहान दिसली तर घाबरू नका."

गर्दीने माना डोलावल्या.

दादा हे सगळं दात आवळून ऐकत होता. त्याचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. शेजारी त्याची बहीण, धाकटी. तिची आठ वर्षांची मुलगी याच तलावात बुडाली होती. धाकटीच्या पर्समध्ये बाबांनी दिलेला फोटो होता: बाबांच्या खांद्यामागे पिवळ्या रेनकोटातली एक अंधुक, छोटी आकृती. "पोर एकटी आहे, आईला बोलावतेय," असं बाबा म्हणाले होते. परवा सकाळी दादाने धाकटीला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून बाहेर काढलं.

तेव्हा त्याने तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. पलीकडच्या काठावरचं पंपघर फोटोत थेट बाबांच्या पाठीला चिकटलं होतं. हा फोटो फसवा आहे, असं त्याने धाकटीला तिथेच सांगितलं.

"रेनकोटचं त्यांना कसं कळलं मग?" धाकटीने विचारलं होतं.

"तूच पहिल्या दिवशी रडत रडत सांगितलंस, बाळा."

आता दादाने आपला कॅमेरा शिष्याच्या कॅमेऱ्याशेजारी उभा केला. त्यावर दुकानातली सगळ्यात लांब पल्ल्याची झूम लेन्स होती.

"अहो, इथे मनाई आहे!" शिष्य ओरडला.

"आत्म्याला दोन कॅमेऱ्यांची लाज वाटते का?" दादाने विचारलं. गर्दीत कुणीतरी हसलं. "धाकटे, डोळा लाव. आधी झूम न करता बघ."

"बाबा मुंगीएवढे दिसतायत. मागे पाणी, पलीकडचा काठ. तिथे कसला तरी पिवळा ठिपका आहे."

दादाने लेन्सचं कडं हळूहळू फिरवलं. "दुकानात मी प्रत्येकाला सांगतो, लांबचं जवळ दिसतं एवढ्यावर भुलून झूम घेऊ नका. इतक्या लांबून ओढून घेतलं की पुढचं आणि मागचं यांतलं अंतरच दिसेनासं होतं. ज्याच्यावर नेम धरला तो स्पष्ट, मागचं धूसर. आणि मागे उभं असलेलं मोठं माणूस पोराएवढं दिसतं."

धाकटीने डोळा कॅमेऱ्याला आणखी चिकटवला. बाबांच्या खांद्याशी पिवळ्या रेनकोटातली छोटी मुलगी उभी होती.

"आली," ती पुटपुटली.

मुलीने हात हलवला. दादाच्या खिशातला फोन वाजला, त्याने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, दिसतेय का मी?" पलीकडच्या काठावरून दादाच्या बायकोचा, वहिनीचा आवाज. "इथे झुडपाआड निळी शाल गुंडाळलेली एक बाई सापडलीय. तिलाही बाहेर ओढू का?"

म्हाताऱ्याची बायको निळी शाल वापरायची. दादा "ओढ" म्हणाला. म्हाताऱ्याने कॅमेऱ्यात डोकावून बाबांच्या खांद्याशी आलेली निळ्या शालीतली बाई पाहिली आणि तो तिथेच खाली बसला. गर्दी खडकाकडे वळली. बाबांचे डोळे आता टक्क उघडे होते.

धाकटी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावून उभी राहिली.

"अगं, वहिनी आहे ती."

"कळतंय मला. थोडा वेळ बघू दे ना, दादा."

त्याने बघू दिलं. तिचे खांदे गदगदत होते, पण ती लेन्स सोडेना. अखेर वहिनी झुडपांमागे गेली आणि काठ रिकामा झाला.

"म्हणजे ती कुठेच नाही," धाकटी म्हणाली. "नाही ना?"

दादाला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द पुरला असता.

"नाही, बाळा."

तिने डोळे पुसले नाहीत. ती म्हाताऱ्याजवळ जाऊन बसली, त्याचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रडा हो, पोटभर रडा. मीही रडणार आहे. पण आपलं माणूस दाखवतो असं कुणी म्हणालं, तर रडता रडताही विचारा, कॅमेरा कुठे ठेवला होता? मागे कोण उभं होतं? मी विचारलं नाही, आणि पाण्यात उतरले."